लिम्फोमाची जनुकचाचणी : कोणती हवी, कधी हवी?

गेल्या पंचवीस वर्षांत बेंगळुरू हे देशातल्या जनुकतपासणीचं मोठं ठाणं झालं आहे. भारतीय विज्ञान संस्थेतल्या चार प्राध्यापकांनी २००० साली ‘स्ट्रँड लाइफ सायन्सेस’ काढली. २०२१ मध्ये ती रिलायन्सकडे गेली. ‘मेडजीनोम’ २०१३ पासून इथूनच काम करते. दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची धुरा विज्ञान संस्थेच्या आवारातल्या मेंदू संशोधन केंद्राने वाहिली. उपचारांच्या बाजूला १९७३ पासूनचं सरकारी किदवई कर्करोग रुग्णालय आहे, सेंट जॉन्स आहे, एचसीजी आहे, बोम्मसंद्र्याची नारायणा हेल्थ सिटी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे मराठी रुग्ण राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून इथे येतात. पिशवीत फाइल, काचेच्या स्लाइड आणि मेणाचा तो छोटा ‘ब्लॉक’ असतो.

मानेतली, काखेतली किंवा पोटातली गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची आहे असं कळलं, की याच शहरात चाचण्यांची लांबलचक यादी समोर येते. फिश, क्लोनॅलिटी, एनजीएस पॅनेल, लिक्विड बायोप्सी. काहींचा खर्च काही हजारांत, काहींचा काही दहा हजारांत. यातली कोणती चाचणी उपचार बदलते, कोणती नुसती माहिती देते आणि कोणती अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे, हे पाहण्यासाठी हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो : ज्या चाचणीच्या उत्तरावर डॉक्टरांचा पुढचा निर्णय अवलंबून आहे तिच्यावर पैसा खर्च करावा, आणि त्याहीआधी गाठीचा चांगला तुकडा मिळवण्यावर.

एक नाव, अनेक आजार

टॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरने १८३२ मध्ये लसिका ग्रंथींच्या या विकाराचं वर्णन केलं. पुढे त्याच्या नावाचा एक गट आणि बाकी सगळे ‘नॉन-हॉजकिन’ अशी ढोबळ विभागणी रूढ झाली. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात लिम्फोमाचे कितीतरी डझन प्रकार आहेत. काही दहा-दहा वर्षं औषधाविना नुसत्या देखरेखीवर राहतात. बर्किटसारखे काही दोन-तीन दिवसांतच दुपटीने वाढतात. उपचार प्रकारावर ठरतो, म्हणून प्रकार ओळखणं हेच अर्धं काम.

आपल्याकडचं चित्र काय, याचा जुना पण अजूनही उपयोगी दाखला मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा आहे. के. एन. नरेश आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये २,७७३ नॉन-हॉजकिन लिम्फोमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ७९ टक्के गाठी बी-पेशींच्या होत्या, १६ टक्के टी-पेशींच्या. मोठ्या बी-पेशींचा आक्रमक प्रकार, ज्याला डॉक्टर ‘डीएलबीसीएल’ म्हणतात, तो एकटाच ३४ टक्के होता. पाश्चात्त्य देशांत बराच आढळणारा फॉलिक्युलर लिम्फोमा इथे जेमतेम १२.६ टक्के निघाला. म्हणजे आपल्याकडे ज्या चाचण्यांची घडी आधी बसवायला हवी, त्या डीएलबीसीएलच्या.

‘जनुकचाचणी’ म्हटल्याबरोबर नातेवाइकांच्या चेहऱ्यावर एक भीती उमटते : मुलांनाही होणार का? लिम्फोमाच्या बाबतीत तपासली जातात ती गाठीतल्या पेशींची जनुकं. तिथले बिघाड आयुष्याच्या ओघात त्या पेशींतच झालेले असतात. ते बीजपेशींत नसतात, म्हणून मुलांकडे जात नाहीत. जवळच्या नातेवाइकांचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, पण मुळात तो इतका कमी, की घरातल्या सगळ्यांची तपासणी करण्यात अर्थ नाही. प्रतिकारशक्तीचे काही दुर्मीळ वंशागत विकार हा अपवाद.

आधी गाठीचा तुकडा

जनुकचाचणीचं सगळं गणित पहिल्याच पायरीवर फसतं ते आपल्या देशातल्या क्षयरोगामुळे. मानेत गाठ आली, ताप येतो, वजन घटलं, रात्री घाम सुटतो. ही लक्षणं क्षयाची आणि लिम्फोमाची जवळपास तीच. सुई टाकून तपासणी होते, रिपोर्टमध्ये संदिग्ध काहीतरी येतं आणि क्षयाचा औषधोपचार, म्हणजे ‘एकेटी’, सुरू होतो. गाठ कमी होईना म्हणून पुन्हा तपासणी होईपर्यंत काही महिने निघून जातात. लिम्फोमाच्या कोणत्याही तज्ज्ञाला विचारा, असे रुग्ण त्याच्या ओपीडीत नेहमी येतात.

इथे एक गंमतशीर योग आहे. अशा गाठीवर व्हायला हवी ती पहिली जनुकचाचणी लिम्फोमाची नसून क्षयाच्या जंतूची असते. जीनएक्स्पर्ट किंवा सीबीनॅट हे यंत्र गाठीतल्या द्रवात क्षयजंतूचं जनुक आहे का आणि त्यावर रिफॅम्पिसिन चालेल का, हे दोनेक तासांत सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्याला मान्यता दिली आणि आता सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ते मोफत आहे. १९५९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय क्षयरोग संस्था बेंगळुरूतच आहे, त्यामुळे या शहराला ही चाचणी नवी नाही. जंतू सापडला तर प्रश्न बहुतांशी मिटतो. सापडला नाही, तर अंदाजाने एकेटी देण्यापेक्षा पूर्ण गाठ किंवा तिचा पुरेसा जाड तुकडा काढून घेणं शहाणपणाचं.

सुईतून येतात त्या सुट्या पेशी. लिम्फोमा ओळखायला पेशींबरोबर गाठीची रचनाही दिसावी लागते. तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवला जातो, मग मेणात बसवून त्याचा ब्लॉक होतो. फॉर्मलिन जुनं किंवा चुकीच्या प्रमाणातलं असेल, तुकडा दिवसेंदिवस त्यात पडून राहिला, किंवा हाडातून घेतलेला नमुना आम्लात मऊ केला, तर आतला डीएनए तुटून जातो. मग कितीही महागडं यंत्र असो, रिपोर्टवर ‘सॅम्पल फेल’ येतं. तालुक्याच्या गावातल्या छोट्या लॅबमध्ये तीस-चाळीस रुपयांच्या द्रावणात झालेली हेळसांड महिन्याभराने बेंगळुरूत उघडी पडते. जनुकचाचणीच्या जाहिरातींत ही बाजू कुठे दिसत नाही.

निदानाच्या पायरीवरची जनुकं

आपल्या शरीरातली प्रत्येक बी-पेशी तयार होताना प्रतिपिंडांच्या जनुकाचे तुकडे पत्ते पिसावेत तसे पिसून घेते, त्यामुळे प्रत्येकीच्या हाती वेगळा डाव येतो. जंतुसंसर्गाने सुजलेल्या ग्रंथीत हजारो वेगवेगळे डाव दिसतात. कर्करोगात एकाच पेशीची प्रजा वाढलेली असते, म्हणून एकच डाव पुन्हापुन्हा दिसतो. क्लोनॅलिटी चाचणी हेच तपासते, आणि युरोपातल्या प्रयोगशाळांनी मिळून २००३ मध्ये तिची जी पद्धत ठरवली ती जगभर वापरली जाते. त्वचेवरचे चट्टे किंवा टी-पेशींच्या संशयास्पद गाठी अशा धूसर प्रसंगी ती कामाची. मात्र तीव्र संसर्गातही कधीकधी एकच डाव उठून दिसतो, विशेषतः नमुना फार छोटा असला तर. एकट्या क्लोनॅलिटीवर केमो सुरू करता येत नाही.

जनुकांची ही पिसणी धोक्याचीही असते. तुकडे जोडताना चूक होते आणि भलतंच जनुक प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी येऊन बसतं. बर्किट लिम्फोमात ८ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि ‘मिक’ हे पेशीला सतत वाढायला लावणारं जनुक मोकाट सुटतं. १९८२ मध्ये हे उलगडलं. फॉलिक्युलर लिम्फोमात १४ आणि १८ ची अदलाबदल होते, आणि ‘बीसीएल-२’ पेशीला मरूच देत नाही. मँटल सेल लिम्फोमात ११ आणि १४.

या शोधांचा सगळ्यात मोठा फायदा गरिबांना झाला, असं मी म्हणेन. मँटल सेलमध्ये सायक्लिन डी-१ हे प्रथिन वाढतं असं कळल्यावर ते दाखवणारा रंग स्लाइडवर लावून निदान होऊ लागलं. एएलके जनुकाची जोडणी १९९४ मध्ये सापडली. आज साध्या रंगाने एएलके असलेला टी-पेशी लिम्फोमा वेगळा काढता येतो, आणि त्याचं भवितव्य एएलके नसलेल्यापेक्षा चांगलं असतं. या रंगकामाला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात, बोलताना ‘आयएचसी’. जनुकांचं ज्ञान असं स्वस्त होऊन जिल्हापातळीवर पोहोचलं. चांगल्या पॅथॉलॉजिस्टने वाचलेली आयएचसी हाताशी असेल, तर बहुतेक लिम्फोमांचं निदान महागड्या पॅनेलशिवाय पक्कं होतं.

जिथे रंग पुरत नाही तिथे फिश लागते. अंधाऱ्या खोलीत फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रकं निळी दिसतात. मिक जनुकाच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवी खूण चिकटवलेली असते. जनुक धड असेल तर दोन्ही ठिपके एकमेकांवर येऊन पिवळसर दिसतात. तुटलं असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. तंत्रज्ञ शंभराहून अधिक केंद्रकं मोजतो आणि किती तुटलेली, त्यावर निकाल लागतो. डीएलबीसीएलसारख्या दिसणाऱ्या गाठींपैकी शंभरात साधारण पाच ते दहांमध्ये मिकबरोबर बीसीएल-२ ही तुटलेलं निघतं. बोलीत याला ‘डबल हिट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याला वेगळ्या वर्गात ठेवलं. नेहमीची ‘आर-चॉप’ केमोथेरपी इथे तोकडी पडते, म्हणून बरेच तज्ज्ञ जास्त तीव्र उपचार निवडतात. निकाल उपचार बदलतो, म्हणून ही फिश टाळू नये. पैशांची अडचण असेल तर आधी मिकची करावी आणि ते तुटलेलं निघालं तरच पुढची, हा मध्यममार्ग अनेक ठिकाणी वापरतात.

पॅनेलचं आकर्षण

अ‍ॅश अलिझादे आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिलं की, सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखा दिसणारा डीएलबीसीएल जनुकांच्या पातळीवर किमान दोन वेगळे आजार आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी त्याचे आणखी उपप्रकार पाडले. २०२० मध्ये ‘लिम्फजेन’ नावाची वर्गवारी आली. विज्ञान म्हणून हे देखणं आहे. पण यातला उपप्रकार पाहून पहिला उपचार बदलावा, इतका भक्कम पुरावा रोजच्या व्यवहारात अजून उतरलेला नाही. म्हणूनच नव्याने निदान झालेल्या प्रत्येक डीएलबीसीएल रुग्णाला शेकडो जनुकं एकदम वाचणारं एनजीएस पॅनेल सुचवलं, तर ‘यातून तुम्ही काय वेगळं कराल?’ हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

काही ठिकाणी मात्र एकेक जनुक निर्णायक असतं. जुनाट लिम्फॅटिक ल्युकेमिया, जो लहान पेशींच्या लिम्फोमाचंच दुसरं रूप आहे, त्यात टीपी-५३ हे जनुक बिघडलेलं असेल तर जुनी केमो द्यायची नाही, सरळ बीटीके रोखणाऱ्या गोळ्यांसारख्या नव्या औषधांकडे जायचं. आजार उलटला, की प्रत्येक नव्या उपचाराआधी ही तपासणी पुन्हा करावी लागते. मँटल सेलमध्येही टीपी-५३ चा बिघाड धोक्याची घंटा. वाल्डेनस्ट्रॉम प्रकारात दहापैकी नऊ रुग्णांत ‘एमवायडी-८८’ चं एकच ठरावीक म्युटेशन असतं (२०१२ मधला शोध). ते निदानालाही मदत करतं आणि औषध निवडायलाही. हेअरी सेल ल्युकेमियात ‘बीराफ’ चं म्युटेशन (२०११) तेच काम करतं. या एकेका जनुकाच्या चाचण्या पॅनेलपेक्षा स्वस्त आहेत, आणि नेमक्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देतात.

रक्तातून पाळत

उपचार सुरू झाले की रुग्णाचा प्रश्न बदलतो : औषध लागू पडतंय का, आणि नंतर, आजार परत येतोय का? आजवर याचं उत्तर पेट-सीटी देत आली आहे. पण पेट-सीटी साखर खाणारी प्रत्येक जागा उजळवते. क्षय, न्यूमोनिया, केमोनंतरची सूज, सगळंच चमकतं. क्षयाच्या देशात उजळलेल्या जागेचा अर्थ लावणं सोपं नाही.

मरणाऱ्या पेशी आपल्या डीएनएचे तुकडे रक्तात सोडतात. त्यातले कर्करोगाच्या पेशींचे तुकडे वेचून मोजणं, ही ‘सीटी-डीएनए’ किंवा लिक्विड बायोप्सी. हे तुकडे रक्तात फार टिकत नाहीत. दोन-अडीच तासांच्या आत निम्मे होतात, म्हणून आजचा आकडा आजची स्थिती सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये डीएलबीसीएलच्या १२६ रुग्णांचा अभ्यास मांडला. आजार उलटलेल्यांच्या रक्तात हा डीएनए इतर खुणांच्या सरासरी साडेतीन महिने आधी दिसला होता. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने सहकाऱ्यांसह २१७ रुग्णांवरून ठोकताळा दिला : पहिल्या केमोनंतर हा डीएनए शंभरपट आणि दुसरीनंतर सुमारे तीनशेपट घटला, तर पुढचा मार्ग बहुधा सुकर. २०२१ मध्ये आलेल्या ‘फेज्ड-सेक’ पद्धतीने तर दहा लाखांत एकाहूनही कमी प्रमाण पकडता येऊ लागलं.

हॉजकिनमध्ये ही पद्धत विशेष उपयोगी, कारण तिथे गाठीत कर्करोगाच्या पेशी शंभरात एखाद-दुसरीच असते आणि तुकड्यातून जनुक वाचणं अवघड. मेंदूतल्या लिम्फोमात कवटी उघडून नमुना घेणं शक्य नसेल, तर पाठीच्या पाण्यात एमवायडी-८८ चं म्युटेशन सापडणं निदानाला मोठा आधार देतं. नाकाच्या एनके/टी लिम्फोमात एपस्टाइन-बार विषाणूचा डीएनए रक्तात मोजला, की तुलनेने कमी खर्चात उपचाराचा परिणाम कळतो. माझ्या मते भारतात सर्वांत आधी पसरायला हवी अशी ‘लिक्विड’ चाचणी हीच.

तरीही नेहमीच्या डीएलबीसीएलमध्ये दर तीन महिन्यांनी सीटी-डीएनए करत राहावं का? अजून नाही. तीन महिने आधी कळल्याने रुग्ण जास्त जगतो, हे पुरेशा चाचण्यांतून सिद्ध व्हायचं आहे. आधी कळून हाती उपचार नसेल तर उरते ती फक्त धास्ती. शिवाय वय वाढतं तसे रक्ताच्या मूळपेशींतही टीईटी-२, डीएनएमटी-३ए अशा जनुकांत बिघाड होतात. ते लिम्फोमाचे समजले तर घोटाळा. काही टी-पेशी लिम्फोमांत हीच जनुकं बिघडलेली असतात, त्यामुळे अर्थ लावणारा माणूस तयार हवा. आणि नमुन्याची शिस्त हवी : साध्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेलं रक्त काही तासांत फिरवून वेगळं केलं नाही, तर पांढऱ्या पेशी फुटून खऱ्या संकेतावर पाणी फिरतं. बेळगावहून कुरिअरने पाठवायचं तर डीएनए टिकवणारी खास नळीच लागते.

बेंगळुरूतच तयार झालेल्या आणखी एका गोष्टीचा उल्लेख करायला हवा. स्ट्रँडने डिसेंबर २०२४ मध्ये ‘कॅन्सरस्पॉट’ ही अनेक कर्करोग लवकर शोधण्यासाठीची रक्तचाचणी बाजारात आणली. अशा चाचण्या जगभर येत आहेत. पण लिम्फोमासाठी निरोगी माणसाची चाळणी करावी, असं आजच्या घडीला कोणतंही प्रमुख मार्गदर्शक तत्त्व सांगत नाही. तपासणीच्या हौसेपोटी चाळिशीतल्या माणसाने यात लिम्फोमाचं अभय शोधू नये.

औषध आवाक्यात, चाचणी मागे

उपचारांच्या बाजूला भारताने झेप घेतली आहे. बी-पेशींच्या लिम्फोमावरचं रिटुक्सिमॅब हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत आलं, हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने २००७ मध्येच त्याची स्वस्त आवृत्ती काढली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्यातून घडलेल्या ‘नेक्सकार-१९’ या कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याच्या) उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ६४ रुग्णांच्या चाचण्यांत, परिणाम मोजता आलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांना त्याचा गुण आला. किरण मजुमदार-शॉ आणि सिद्धार्थ मुखर्जी यांच्या पुढाकारातून बेंगळुरूत उभ्या राहिलेल्या ‘इम्यूनील’ने जानेवारी २०२५ मध्ये आपला ‘कार्टेमी’ बाजारात आणला. हे उपचार अजून लाखांत आहेत, तरी परदेशाच्या तुलनेत कितीतरी कमी. मात्र ज्या पेशींवर ते चालतात त्यांच्यावर सीडी-१९ हे लक्ष्य-प्रथिन उरलं आहे का, उपचारानंतर किती आजार शिल्लक आहे, हे सांगणाऱ्या तपासण्या विम्यात आणि सरकारी योजनांत बऱ्याचदा मागेच राहतात. रुग्ण औषधाचे पैसे कसेबसे उभे करतो आणि ते औषध त्याला लागू आहे का, हे सांगणारी चाचणी खिशातून भरतो. हा उलटा न्याय बदलला पाहिजे : आयएचसी, गरजेची फिश आणि टीपी-५३ या तीन गोष्टी उपचाराच्या पॅकेजमध्येच धराव्यात.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनी करावं असं काही आहे. मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड हाती आल्या की जपून ठेवा आणि कोणत्याही लॅबला देताना पावती घ्या. पुढच्या पाच-दहा वर्षांतही त्या ब्लॉकवर नवी चाचणी करता येते. चाचणी सुचवली गेली, तर तिच्या उत्तराने उपचार बदलणार का, ती पुन्हा करावी लागणार का आणि तिचा अर्थ कोण लावणार, एवढं निःसंकोच विचारा. सुईच्या तपासणीवर लिम्फोमा किंवा क्षय असा अंदाज बांधला जात असेल, तर पूर्ण गाठ काढून तपासण्याचा आग्रह धरा. बेंगळुरूतली सगळ्यात महागडी प्रयोगशाळाही त्या तुकड्याइतकंच सांगू शकते.